गव्हाणीला विचारून

घोडेगावला शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे नेवासे तालुक्यातलं गाव. शनिशिंगणापूरला वळणाऱ्या भाविकाला ते फाट्यापुरतं ठाऊक असतं, व्यापाऱ्याला कांद्याच्या लिलावामुळे, आणि दुधाचा धंदा करणाऱ्याला म्हशींमुळे. बाजारात म्हैस पाहणारा माणूस दात बघतो, कास बघतो, सड चाचपतो, चार पावलं चालवून घेतो. पण भाव बोलण्याआधी त्याच्या मनात एक हिशेब उरकलेला असतो : घरी वैरण किती आहे? वैरणीच्या टंचाईत कडबा चढतो आणि जनावर उतरतं. चांगली दुभती म्हैस मातीमोल भावानं दावणीवरून सुटताना या भागानं अनेकदा पाहिली आहे. १९७२ चा दुष्काळ आता म्हाताऱ्यांच्याच बोलण्यात उरला असला, तरी २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या चारा छावण्या काल-परवाच्या आहेत. त्या छावण्यांत माणसं जनावरांबरोबर महिनोन्‌महिने राहिली. इथे कडब्याची पेंढी मोजताना माणूस उगाच गप्पा मारत नाही.

अशा गावात मी काडावर अळिंबी पिकवायची म्हणून भुसा मागत हिंडलो. पहिला प्रश्न थोरल्या चुलत्यांनी विचारला. अण्णा आयुष्यभर गोठ्यात रमलेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं : काड भिजवायचं, वाफवायचं, पिशवीत भरायचं, त्यात बी सोडायचं आणि तीन-चार आठवड्यांनी त्यातून भाजी काढायची. मग म्हणाले, "म्हणजे जनावराच्या तोंडचं काढून माणसाच्या ताटात घालायचं. त्या जनावराला विचारलंस का?"

हा प्रश्न मला सोडवेना. अळिंबीच्या लागवडीबद्दल जी माहितीपत्रकं मिळतात, त्यांत 'शेतातील टाकाऊ अवशेष' असे शब्द असतात. घोडेगावात गव्हाचं काड टाकाऊ नाही, बाजरीचं सरमाड टाकाऊ नाही, ज्वारीचा कडबा तर घरातल्या धान्याच्या बरोबरीचा. भातशेतीच्या मुलखात पेंढ्याचे ढीग शेतात पेटवतात, तिथे ही पत्रकं जशीच्या तशी लागू पडतील. आमच्याकडे एखादी गोष्ट टाकाऊ आहे की नाही हे गव्हाण ठरवते. म्हणून मी प्रयोगाला लागलो तेव्हा अण्णांचा प्रश्न बाजूला ठेवला नाही, त्यालाच प्रयोगाचा पहिला नियम केलं. काय भिजवायचं, कशात भिजवायचं आणि उरलेल्याचं काय करायचं, हे तिन्ही गव्हाणीला विचारून.

गाय-म्हैस काड खाते म्हणजे नेमकं काय खाते, हे समजून घेतल्यावर हा सगळा मामला मला जास्त मोठा वाटू लागला. काडाच्या भिंतीत मुख्यतः तीन द्रव्यं असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना घट्ट जखडून ठेवणारं लिग्निन. जनावराच्या मोठ्या पोटात, ज्याला रुमेन म्हणतात, असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते सेल्युलोज फोडतात आणि जनावराला त्यातून शक्ती मिळते. पण लिग्निन त्यांच्यानं फुटत नाही. लिग्निन मोडायला ऑक्सिजन लागतो, आणि रुमेनमध्ये तो जवळजवळ नसतोच. म्हणून काड जितकं जून, जितकं लिग्निननं जखडलेलं, तितकं ते खाऊनही जनावर उपाशी. उन्हाळ्यात नुसत्या काडावर काढलेल्या गाईच्या फासळ्या का दिसतात, याचं एक उत्तर इथे आहे. लिग्निन खऱ्या अर्थानं मोडून काढणारे जीव निसर्गात थोडे, आणि त्यांत पहिला मान लाकूड पांढरं करून कुजवणाऱ्या बुरशींचा. मी पिकवायला घेतलेली अळिंबी, म्हणजे धिंगरी, त्यातलीच. तिचे तंतू काडात शिरतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं लिग्निन सोडवत नेणारी विकरं बाहेर सोडतात. जनावराचं पोट जिथे थांबतं, तिथून धिंगरीचं काम सुरू होतं. शास्त्रज्ञांच्या अंदाजानं ही विद्या बुरशींनी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी कमावली. गाय त्या मानानं अगदी कालची.

माणसानं धिंगरी हाताशी धरली ती मात्र एका शतकाच्या आतबाहेरची गोष्ट. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी झाडांच्या बुंध्यांवर तिची लागवड करून दाखवली. आपल्या देशात भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या अळिंबीचं काम कोइमतूरला के. एम. थॉमस आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. धिंगरीची पेंढ्यावरची लागवड १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी नोंदवली. झकिया बानो हे नाव मी मुद्दाम सांगतो, कारण खेड्यापाड्यांतून आज बचतगटाच्या बाया पिशव्या भरतात, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं नसतं. पुढे १९७४ च्या सुमारास जांदैक यांनी हिमालयाच्या पायथ्याला थोराच्या कुळातल्या एका झाडावर वाढणारी धिंगरी लागवडीत आणली, आणि तिथून धिंगरी देशभर पसरली. सोलनला अळिंबीचं राष्ट्रीय केंद्र १९८३ मध्ये उभं राहिलं. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. ते महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, आणि राहुरी आमच्यापासून शिंगणापूरच्या पलीकडे, हाकेच्या नाही तरी तासाभराच्या आतल्या अंतरावर.

जागेचा प्रश्न जुन्या घरानं सोडवला. आमच्याकडे माळवदाची घरं आता थोडी राहिली. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. स्लॅबच्या खोलीत एप्रिलमध्ये श्वास कोंडतो तेव्हाही माळवदाखाली गारवा असतो. धिंगरीला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. हा मुलूख पर्जन्यछायेतला, हवा कोरडी. पण मातीची भिंत ओल धरून ठेवते. खाली वाळू पसरून ती भिजवली, दाराखिडक्यांना ओलं गोणपाट लावलं की आषाढापासून माघापर्यंत खोली चांगली राहते. फाल्गुनानंतर ओढाताण सुरू होते. मग जो पाण्याचा खर्च होतो तो अशा गावात मला पटत नाही, म्हणून उन्हाळ्यात खोली बंद.

काड कशात भिजवायचं, हा गव्हाणीचा दुसरा सवाल. काडावर आधीपासून बसलेल्या परक्या बुरशींचा नायनाट केल्याशिवाय धिंगरीचं बी सोडून उपयोग नसतो. सगळ्यांत सोपी आणि प्रचलित पद्धत रसायनाची. १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळायचं, काड त्यात १६ ते १८ तास बुडवून ठेवायचं. जळण लागत नाही, एका टाकीत पुष्कळ काड निघतं. व्यवसाय करणारे हीच पद्धत वापरतात आणि त्यांच्या ठिकाणी त्यांचा हिशेब बरोबर असेल. पण त्या पाण्यातून निघालेलं काड पुन्हा जनावरापुढे टाकता येत नाही. नियम मोडायचा नसेल तर राहते गरम पाण्याची पद्धत : ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास. हिला जळण लागतं, वेळ लागतो, अंगावर वाफ येते. मात्र तिचा आणखी एक फायदा आहे. गरम पाण्यात काडातली विरघळणारी साखर निघून जाते, आणि हिरव्या बुरशीला जी साखर हवी असते तीच नेमकी कमी होते. उरलेलं तांबूस पाणी थंड झाल्यावर शेवग्याच्या आळ्यात जातं. जळण आमच्याकडे पऱ्हाट्यांचं. कपाशीच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही, चुलीत मात्र चांगल्या जळतात.

निथळल्यावर काडात किती ओल ठेवायची याची परीक्षा हातानंच करायची असते. मूठभर काड घट्ट पिळावं. तळव्याला ओल लागावी, थेंब पडू नये. थेंब पडला तर पिशवीत आंबूस वास सुटतो आणि काळी शाई गाळणाऱ्या नाजूक छत्र्या आधी उगवतात. मग थरावर थर : काडाचा थर, बियाण्याची पेर, पुन्हा काड. १० किलो ओल्या काडाला साधारण २०० ग्रॅम बियाणं. हे बियाणं म्हणजे अर्धवट उकडून, निर्जंतुक करून, बुरशीचे तंतू चढवलेले धान्याचे दाणे. बहुतेक ठिकाणी गहू वापरतात, पण ज्वारीवरही ते उत्तम होतं, आणि ज्वारीचा दाणा बारीक असल्यानं तेवढ्याच वजनात पेर जास्त ठिकाणी पडते. पांढऱ्या तंतूंनी गुरफटलेली ज्वारी हातात घेतली तेव्हा अण्णांनी ती नाकाशी नेली. चांगल्या बियाण्याला पावसानंतरच्या मातीचा, किंचित गोड वास असतो. आंबट वास आला तर ते बियाणं वापरू नये. अण्णांना दाण्याचा वास कळतो. त्या दिवसापासून बियाणं त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय पिशवीत पडत नाही.

आता काय भिजवायचं, त्याकडे. इथे प्रयोगाचा खरा रस आहे.

गव्हाचं काड सगळे सुचवतात. ते चालतं, पण त्याच्यावर मेणाचा लेप असतो, पाणी लवकर आत जात नाही. चांगलं ठेचलेलं, मळणी यंत्रातून निघालेलं भुसकट घेतलं तर फरक पडतो. मात्र ते गाई-म्हशी खातात, आणि दर उन्हाळ्यात त्याचे ट्रक भरून विकले जातात. म्हणून त्यावर फार वेळ घालवला नाही. ज्वारीचा कडबा मी मागितलाच नाही. मालदांडीचा पांढरा, पानासकट वाळलेला कडबा कुट्टी करून पिशवीत भरायचा विचारही या गावात करवत नाही.

बाजरीचं सरमाड हे मधलं प्रकरण. जनावर ते खातं, पण ज्वारीचा कडबा असेल तर याच्याकडे ढुंकून बघत नाही. पावसात भिजून काळं पडलेलं सरमाड तर बांधावरच राहतं. काळ्या सरमाडावर मुळातच इतर बुरशी असते, ते धिंगरीच्याही कामाचं नाही. कोरडं, पिवळं, पण जनावरानं गव्हाणीत पाला ओरबाडून मागे टाकलेलं जाड बुडखं मात्र कामाचं निघालं. आमच्याकडे गव्हाणीतल्या या उष्ट्या बुडख्यांचं पुढे काय होतं? चूल किंवा उकिरडा. कुट्टी यंत्रात बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, गरम पाण्यातून काढले, तर त्यांतून धिंगरी येते. कांडं जाड असल्यानं तंतूंना वेळ लागतो. सोयाबीनच्या पिशवीपेक्षा या पिशव्या मागे पडतात, पहिली काढणी उशिरा मिळते. पण त्या सहसा हिरव्या पडत नाहीत. इथे जनावराच्या तोंडचं काहीच काढलेलं नसतं, त्यानं नाकारलेलंच घेतलेलं असतं.

सोयाबीन या भागात वाढलं तसं त्याचं भुसकटही वाढलं. त्यातल्या शेंगांची टरफलं जनावर निवडून खातं, काड्या टाकतं. धिंगरी या भुसकटावर जितकी खूष असते तितकी कशावरच नाही. डाळवर्गीय पिकांच्या अवशेषात नत्र जास्त असतं, आणि नत्र जास्त म्हणजे तंतूंना खुराक जास्त. पिशवी भरल्यापासून पंधरवड्यात सगळं भुसकट दुधावरच्या सायीसारखं पांढरं होतं. पण हाच खुराक हिरव्या बुरशीलाही आवडतो. पाणी जरा कमी तापलं, खोलीत माशी आली, तर सोयाबीनच्या पिशवीवर हिरवा डाग सर्वांत आधी दिसतो. तशी पिशवी खोलीबाहेर नेऊन पुरून टाकायची, तिच्यावर दया करायची नाही.

तुराट्यांबद्दल मला सर्वांत जास्त आशा आहे. तूर झोडल्यावर उरलेल्या काठ्या कुडाला, छपराला, जळणाला जातात. जनावराच्या त्या कामाच्या नाहीत, लाकूडच ते. धिंगरी मुळात लाकडावरची. अख्ख्या तुराट्या निरुपयोगी, पण चांगल्या ठेचून, दोन दिवस पाण्यात मुरवून सोयाबीनच्या भुसकटात मिसळल्या तर पिशवीत हवा खेळती राहते आणि तिसऱ्या काढणीपर्यंत दम टिकतो. नुसतं भुसकट तोवर खाली बसून घट्ट होतं.

आणि उसाचं पाचट. मुळा धरणाचा उजवा कालवा आला, ऊस आला, सोनईचा मुळा कारखाना आला. उसाचं वाढं जनावराला जातं, चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं, आणि पाचट शेतात जळतं. तोडणीनंतर संध्याकाळी नेवाशाकडच्या शिवारात धुराचे पट्टे दिसतात. जमिनीचा सेंद्रिय भाग, मातीवरचे जीव, बांधावरची झाडं, सगळं त्यात होरपळतं. पाचट तसंच सरीत ठेवून कुजवावं, असं कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याच्या घरी दोन खोल्या आहेत त्यानं त्यातलं थोडं धिंगरीला द्यावं, असं मला फार वाटतं. पाचटाची पात धारदार, वाळूच्या अंशानं खरखरीत. ती पाणी कमी धरते आणि नत्रही तिच्यात कमी. नुसत्या पाचटावर उत्पन्न कमी येतं. एक वाटा पाचट, एक वाटा सोयाबीन, हे मिश्रण मात्र मला समाधानकारक वाटतं. जे सगळ्यांत जास्त जळतं तेच नेमकं वापरायला सगळ्यांत अवघड आहे. अशा अवघड वस्तूवर आणखी काम व्हायला हवं. भाताच्या पेंढ्यावर देशात पुष्कळ काम झालं आहे.

पिशवी पांढरी झाली की प्लॅस्टिक काढून घ्यायचं आणि गठ्ठा शिंक्यात टांगायचा. आता धिंगरीला उजेड हवा, हवा हवी. हे फार नाजूक दिवस असतात. धिंगरी श्वास घेते आणि खोलीत कार्बन डायऑक्साइड साठवते. खिडकी उघडली नाही तर देठ लांबलचक होतात आणि छत्री बोटाच्या नखाएवढी राहते. खिडकी फार उघडली तर कोरडा वारा येऊन टाचणीएवढे कोंब जागीच सुकतात. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा. कोंब दिसल्यापासून तीन-चार दिवसांत घोस तयार होतो : एकावर एक करड्या-पांढऱ्या पाकळ्या, खाली दाट शिरा. कडा वर वळायच्या आत काढायचा. उशीर झाला तर बीजाणूंचा धूर खोलीत पसरतो, खोकला उठतो, म्हणून खोलीत जाताना तोंडाला रुमाल. चांगली पिशवी तीन काढण्यांत मिळून किलोभर कोरड्या काडामागे ८०० ग्रॅम ते किलोभर ताजी धिंगरी देते. हा आकडा ऐकून लोक हरखतात, म्हणून लगेच सांगतो की ताज्या धिंगरीत नव्वद टक्के पाणी असतं. किलोभर काडातून शंभरेक ग्रॅम कोरडं अन्न हातात येतं, त्यात पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिनं. मला हेही थोडं वाटत नाही.

खायचा प्रश्न आत्याचा. तिनं पहिला घोस पाहिला आणि मान वळवली. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री आणि ही, तिच्या लेखी एकच. तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही, कारण रानातली ओळख नसलेली छत्री खाऊन माणसं दगावतात हे खरं आहे. विषारी छत्री ओळखायची जी घरगुती लक्षणं सांगतात, चांदीचं नाणं काळं पडतं वगैरे, त्यांवर विसंबून कुणी जीव धोक्यात घालू नये. आमच्या बाजूला वारुळाच्या आसपास पावसात येणारी पांढरी अळिंबी जाणती माणसं खातात. ती वाळवीनं पोसलेली असते. वाळवी गवत-काटक्या चावून वारुळाच्या पोटात त्यांचे पोळ्यासारखे गड्डे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते, ती बुरशीच तिचं अन्न. सुमारे तीन कोटी वर्षं ही शेती चालू आहे. नागपंचमीला ज्या वारुळाला आपण दूध-लाह्या वाहतो, त्याच्या आत काडावरची लागवड चाललेली असते, हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट ऐकायला बसली.

तिच्या नकाराला दुसराही जुना आधार होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत लसूण, कांदा आणि भूछत्र शेजारी-शेजारी आहेत. त्यातल्या कांद्यानं घोडेगावची घरं उभी केली. लिलावाच्या दिवशी कांद्याच्या गाड्यांनी इथला रस्ता भरून जातो, पोरांच्या फिया कांद्यावर जातात. चातुर्मासात कांदा न खाणारी आत्या कांदेनवमीला भजी तळते आणि कार्तिकीनंतर पुन्हा ठेचा-कांद्यावर येते. कांद्याला जर एवढी सवलत मिळाली तर त्याच ओळीतल्या शेजाऱ्यालाही मिळावी, असा वाद मी घातला. वादानं ती बधली नाही. काळ्या मसाल्याच्या वासानं बधली. धिंगरी हातानं उभी फाडायची, सुरीनं कापायची नाही, लोखंडी तव्यावर आधी तिचं पाणी आटू द्यायचं, मग कांदा, लसूण, शेंगदाण्याचं कूट, नगरी काळा मसाला. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर तिनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "तोंडाला वातड लागत नाही रे, चव धरतीय." तिच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र पुष्कळ.

विक्रीचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच आहे. महामार्गावरच्या ढाब्यांना मशरूम लागतं, पण त्यांना बटण हवं, पांढरं, गोल. धिंगरी त्यांच्या ओळखीची नाही आणि ती दोन दिवसांपलीकडे टवटवीत राहत नाही. म्हणून आम्ही शेजारपाजारी देतो, बाकीची वाळवतो. आमच्या कोरड्या हवेनं लागवडीत जी अडवणूक केली तिची भरपाई ती वाळवणात करते. दोन कडक उन्हांत धिंगरी कुरडईइतकी खुळखुळीत वाळते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलचं ड-२ जीवनसत्त्व होतं, म्हणजे वाळवणात ती आणखी सत्त्ववान होते. दहा किलोची किलोभर होते आणि डब्यात वर्षभर टिकते. बटणाला ही सोय नाही. हॉटेलांना जे हवं ते इथे पिकवण्यापेक्षा इथे जे वाळवता येतं ते इथल्या घरांत खाल्लं जावं, असं माझं मत होत चाललं आहे.

राहिला गव्हाणीचा तिसरा सवाल, उरलेल्याचा. तीन काढण्यांनंतर गठ्ठा हलका, भुसभुशीत, पिवळसर-पांढरा होतो. लिग्निन सुटल्यामुळे असं काड जनावराच्या पोटाला जास्त पचतं, यावर देशोदेशी अभ्यास झाले आहेत. पण त्याची दुसरी बाजू त्याच अभ्यासांत आहे. धिंगरीनं काडातला मोठा वाटा स्वतः खाल्लेला, हवेत सोडलेला असतो. चारा पचायला हलका होतो आणि मापानं कमी होतो. म्हणून चांगला कडबा धिंगरीला देऊन 'मागाहून जनावरालाही मिळेल' असं म्हणणं हा हिशेब तोट्याचा आहे. बुडखं, तुराट्या, पाचट, जे गव्हाणीत शिरलंच नव्हतं किंवा तिथून परत आलं होतं, त्याच्याबाबतीत हिशेब उलटा होतो. तिथे जे परत मिळेल ते सगळं वरकड.

अण्णांनी यावर मला बरंच अडवलं, आणि अडवलं ते योग्य. बुरशी लागलेली वैरण जनावराला घालू नये, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. पंजाबकडे बुरशीचा पेंढा खाऊन म्हशींच्या शेपटीची टोकं, कान, खूर झडण्याचा रोग प्रसिद्ध आहे. देगनाला म्हणतात त्याला. कोणती बुरशी औषधी, कोणती विषारी हे जनावराला सांगता येत नाही, आणि ते भोगतं मुकाट. म्हणून ज्या गठ्ठ्यावर हिरवा, काळा, गुलाबी डाग किंचितही आहे तो गव्हाणीकडे जात नाही, थेट गांडुळांच्या खड्ड्यात जातो आणि पुढे कांद्याच्या रोपवाटिकेत. निव्वळ पांढरा, वासाला स्वच्छ गठ्ठा उन्हात खडखडीत वाळवून, नेहमीच्या वैरणीत मूठ-दोन मूठ मिसळून द्यायचा. म्हशीनं तो हुंगला आणि खाल्ला. गाईनं बाजूला सारला. गाय का खात नाही हे अण्णा सध्या त्यांच्या पद्धतीनं शोधताहेत : कधी मिठाचं पाणी शिंपडून, कधी पेंडीच्या पाण्यात कालवून.

यंदा तुरीची झोडणी झाल्यावर तुराट्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेचून घ्यायच्या आहेत. गिरणीवाल्याशी त्याबद्दल बोलणं झालं आहे. पाऊस बरा झाला तर बाजरीची बुडखं शेजारच्या दोन गोठ्यांतूनही मिळतील. पाऊस हुकला आणि छावण्यांची भाषा सुरू झाली तर बुडखंही मागायची नाहीत, कारण त्या साली जनावर बुडखंही सोडत नाही. तेव्हा पिशव्यांत फक्त तुराट्या आणि पाचट भरायचं, जितकं निघेल तितकं काढायचं. ही अट अण्णांनी घातली आणि मी ती भिंतीवर खडूनं लिहून ठेवली आहे.